आकाश की जमीन? एका फॉर्ममधला दुसरा रकाना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या वेळी केलेले भाषण. काही सभासदांनी लिहून मागितले म्हणून जसे आठवले तसे देत आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी वक्ता नाही. छत्तीस-सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. उमरीत बँकवाला बोलायला उभा राहिला की जुन्या लोकांना १९४८ ची ती बँक आठवते, जिच्यावर आपल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी हल्ला केला होता. घाबरू नका, मी त्यानंतरचा.

सचिवांनी मला विषय दिला 'करिअर मार्गदर्शन'. मी म्हटलं, बँकेच्या परीक्षांवर आता माझ्यापेक्षा ही पोरं जास्त सांगतील. मला एकाच गोष्टीवर बोलू द्या. आपल्या सोसायटीतल्या तीन-चार घरांत सध्या सैन्यात अधिकारी होण्याची तयारी चालू आहे, आणि प्रत्येक घरात एकच वाद आहे. पोरगं म्हणतं, पायलट होणार. आई म्हणते, विमान नको, ऑफिसातलं काही बघ. बाप गप्प. यावर मला थोडा अनुभव आहे. तो अनुभव मी बावन्न-त्रेपन्न वर्षं कोणालाच खरा सांगितला नव्हता, घरीसुद्धा नाही.

आधी माहितीचं बोलतो, म्हणजे पोरांचं काम होईल.

वायुदलात अधिकारी म्हणून जायला दोन मोठे दरवाजे आहेत. बारावीनंतर एनडीए, म्हणजे पुण्याजवळचं खडकवासला. पदवीनंतर एअरफोर्सची एएफकॅट ही परीक्षा, जी वर्षातून दोनदा होते. आत गेल्यावर वाटा फुटतात. एक उड्डाण शाखा. दुसरी जमिनीवरची तांत्रिक शाखा, ज्यात इंजिनिअर लागतात. तिसरी जमिनीवरची बिगर-तांत्रिक शाखा : प्रशासन, पुरवठा, हिशेब, शिक्षण, हवामान. प्रशासनातच विमानांना उतरवणारे-चढवणारे कंट्रोलर येतात आणि रडारसमोर बसून लढाऊ विमानाला शत्रूपर्यंत वाट दाखवणारे फायटर कंट्रोलरही येतात.

उड्डाणासाठी वय वीस ते चोवीस, जमिनीवरच्या शाखांसाठी वीस ते सव्वीस. उड्डाणाला पदवी कोणतीही चालते, पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही पाहिजे, दोन्हीत किमान पन्नास टक्के. हे पालकांनी नीट ऐका. आपल्याकडे अकरावीत 'गणित अवघड जातंय, सोडून दे, बायोलॉजी ठेव' असं सहज म्हणतात. त्या दिवशी आपण पोराचं आकाश बंद करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता मुख्य मुद्दा. लेखी पास झालं की निवड मंडळापुढे जावं लागतं. देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी ही मंडळं आहेत. चार-पाच दिवस चाचण्या, गटातली कामं, मुलाखत. तिथं नापास झालात तर वय असेपर्यंत पुन्हा जाता येतं. पण उड्डाणासाठी एक वेगळी चाचणी असते, आता ती संगणकावर होते. पूर्वी यंत्रावर व्हायची, म्हणून पोरं अजूनही तिला 'मशीन' म्हणतात. ती आयुष्यात एकदाच. गेली म्हणजे गेली. अभ्यासानं फार काही होत नाही. हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी किती जुळतात एवढंच ती बघते.

आता माझं सांगतो.

डिसेंबर १९७१ चं युद्ध झालं तेव्हा मी नांदेडला पीपल्स कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. श्रीनगरवर आलेल्या विमानांवर एकटा तुटून पडलेला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों १४ डिसेंबरला गेला. वायुदलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्याचं. पेपरात ते वाचलं आणि आम्ही चार-पाच पोरांनी ठरवलं, आपण पायलट. प्रत्यक्ष विमान आमच्यापैकी एकानंही जवळून पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं. १९७२, दुष्काळाचं साल. घरी कडबा संपलेला. उमरीहून मीटरगेजनं मनमाड, तिथून मोठ्या गाडीनं दिल्ली, मग देहरादून. बाकीचं सगळं बरं झालं. मग मशीनवर बसवलं. समोर उजेडाचा ठिपका. हातातल्या दांड्यानं तो वर-खाली करायचा, पायातल्या पट्ट्यांनी डावी-उजवीकडं न्यायचा आणि चौकटीत धरून ठेवायचा. माझा हात बरोबर चालायचा तेव्हा पाय चुकायचा, पाय सुधारला की हात. दोन मिनिटांत मला कळलं की आपलं काही खरं नाही.

घरी येऊन मी सांगितलं, डोळ्यात काढलं. नंबर निघाला. वडील म्हणाले, 'जाऊ दे, डोळ्याला कोण काय करणार.' बावन्न वर्षं हेच चाललं. आमच्या सौ.लाही हेच माहीत.

खरं असं आहे की त्या दिवशी मला एका अधिकाऱ्यानं आत बोलावलं होतं. म्हणाले, बाकी तुझं चांगलं आहे, उड्डाण जमणार नाही, जमिनीवरच्या शाखेसाठी विचार करू का? मी म्हटलं, 'नो सर.' का, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. मनात होतं ते असं : गावाला सांगून आलो आहे पायलट म्हणून. आता स्टोअरकीपर होऊन परत जाऊ? ते काम काय असतं हे मी विचारलंसुद्धा नाही. फॉर्ममधला दुसरा रकाना मी घरूनच रिकामा ठेवून गेलो होतो, आणि मनातलाही रिकामाच होता.

१९७४ ला बँकेत लागलो. तिथं माझी जी नोकरी झाली ती सगळी, आता हसू येतं, जमिनीवरची शाखा. काउंटरवर गिऱ्हाइकाला दिसतो तो कॅशियर. पण संध्याकाळी डे-बुक टॅली होत नाही तोवर शाखेचं शटर ओढता येत नाही, आणि ते टॅली करणारा कोणाला दिसत नाही. मी ते वर्षानुवर्षं केलं आणि मनापासून केलं. मग हेच काम गणवेश घालून करायला मी नाही का म्हटलं?

त्याच १९७१ च्या युद्धातली दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. भूजच्या विमानतळाची धावपट्टी बाँबनं उखडली. विमानं आहेत, पायलट आहेत, पण उडणार कुठून? तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक, मूळचे नागपूरचे. शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बाया पुढं आल्या आणि बहात्तर तासांत त्यांनी धावपट्टी पुन्हा उभी केली. सेखों मला त्या वयात दिसले, माधापर दिसलं नाही. दोष पेपरवाल्यांचा नाही, बघणाऱ्याचा.

आता ही गोष्ट आज का काढली? गेल्या वर्षी आमची नात म्हैसूरच्या मंडळापुढं गेली होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवरून तिचा फोन. 'आबा, बोर्डात निवड झाली. पण मशीनवर गेले.' आणि रडायला लागली. मग म्हणाली, 'ग्राउंड देतायत. मेडिकलला बोलावलंय. मी नाही जाणार. तुमचे डोळे गेले, माझं मशीन गेलं, आपल्या घराच्या नशिबातच नाही.'

मी ओट्यावर बसलो होतो. तिला म्हटलं, 'बाळा, माझे डोळे कधीच खराब नव्हते.'

ती गप्प. आत सौ. कुकर लावत होत्या, त्याही गप्प. मग मी फोनवर सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, 'मग हे मला जायच्या आधी का नाही सांगितलं?'

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. खोटं बोलून मी माझी इज्जत वाचवली असं मला वाटत होतं. पण त्या खोट्यामुळं आमच्या घरात एक समज पक्का झाला होता, की उडायला मिळालं तर जिंकलो, नाही तर सगळं गेलं. तो समज घेऊन ही पोर म्हैसूरला गेली होती.

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसली. फायटर कंट्रोलर काय करतो, ट्रेनिंग कुठं, किती वर्षांची नोकरी, सगळं लिहून काढलं. मी बँकवाला, मी पैशाचं सांगितलं : सुरुवातीचा मूळ पगार दोन्हीकडं सारखाच, ५६,१०० पासून. पायलटला त्यावर महिना पंचवीस हजारांचा उड्डाणभत्ता. ट्रेनिंग दोघांचंही हैदराबादजवळच्या दुंडीगलला सुरू होतं. म्हणजे आपल्या उमरीवरून जी गाडी बासर-निजामाबादकडं जाते, तिच्याच वाटेवर पुढं. आणि एक कडू गोष्टही सांगितली, की आजवर वायुदलाचा प्रमुख झालेला प्रत्येक जण पायलटच आहे. खोटं सांगायचं नाही असं आता ठरवलंच होतं.

ती हसली. म्हणाली, 'आबा, मला प्रमुख नाही व्हायचं. आणि तुमची चूक दुरुस्त करायलाही मी जात नाहीये. रडारवरचं काम मला आवडलंय म्हणून जातेय.' मेडिकल झालं. यादी लागायची आहे. नाव येईल की नाही हे मला माहीत नाही, पण तिनं होकार स्वतःच्या कारणानं दिला, एवढं मला पुरे आहे.

प्रमुखांचं निघालं म्हणून सांगतो. आपल्याच नांदेड जिल्ह्यात, हदगाव तालुक्यात हस्तरा नावाचं गाव आहे. तिथलं मूळ असलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ वायुदलाचे प्रमुख होते. लढाऊ विमानाचे पायलट, ३,८०० तासांहून जास्त उड्डाण. पोरांना मी त्यांचं नाव नेहमी सांगतो. पण त्यांनीच ८ ऑक्टोबर २०२२ ला, वायुदल दिनी, एक नवीन शाखा जाहीर केली : वेपन सिस्टीम शाखा. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडणारे, दुरून ड्रोन चालवणारे आणि विमानात मागं बसून शस्त्रं हाताळणारे, सगळे एकाच शाखेत. म्हणजे आकाश आणि जमीन ही रेघ, जिच्यावरून मी १९७२ ला रुसून परत आलो, ती आता त्या दलातच पुसट होत चालली आहे.

आणि आकाश फक्त वायुदलाचं नाही. भूदलाची स्वतःची हवाई शाखा १९८६ पासून आहे, तिचं प्रशिक्षण आपल्या नाशिकला होतं. तिथूनच २०२२ ला कॅप्टन अभिलाषा बराक त्या शाखेतल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. मात्र तिथंही उड्डाणाची चाचणी आहेच. ज्याला फक्त उडायचंच आहे, गणवेश नसला तरी चालेल, त्यानं जमिनीवरची शाखा मनाविरुद्ध घेऊ नये. त्यानं नागरी पायलटचं लायसन बघावं. त्याला दोनशे तास उड्डाण लागतं आणि खर्च मोठा आहे. कर्ज काढण्याआधी माझ्याकडं या, हप्त्याचं गणित फुकट मांडून देईन.

दहावीच्या मुलांनी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही संस्था बघावी. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारनं १९७७ ला सुरू केली आहे. मुलींसाठी २०२३ पासून तशीच संस्था नाशिकला आहे. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तेव्हा 'पोरीला कुठं पाठवता' हे आता कोणी म्हणू नका.

शेवटचं, पालकांसाठी. पोरानं फॉर्म भरताना पहिल्या रकान्यात काय लिहिलं ते तुम्ही सगळ्या गल्लीला सांगता. दुसऱ्या रकान्यात काय लिहिलं ते त्याला विचारा, आणि का लिहिलं तेही विचारा. नुसतं भरायचं म्हणून भरलं असेल तर घरीच, जेवताना, त्यावर बोला. मशीनवर हरल्यानंतर स्टेशनवर बसून तो विचार सुचत नाही. आणि तुम्ही स्वतः कुठं हरला असाल तर तेही खरं-खरं सांगा. पोरांना आपल्या जिंकण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आपल्या सोसायटीचंच बघा ना. पंचवीस वर्षांत या स्टेजवर किती जण आले, हारतुरे झाले. पण रोज पहाटे पाच वाजता बोअरची मोटार चालू करून टाकी भरणारा माणूस कधी स्टेजवर आला नाही. तो एक दिवस आला नाही तर काय होतं, हे भगिनींना विचारा. अध्यक्षसाहेब, आजच्या सत्काराच्या यादीत त्याचं नाव घालावं, एवढी विनंती करून मी थांबतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.