घर घेताना दलाल हवा की नको?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी मास्तरीण असल्याने शिक्षणावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु शाळेत पालक मजकडे मुलांच्या अभ्यासाविषयी जितक्या वेळा येतात, जवळजवळ तितक्याच वेळा एखादा घडी घातलेला कागद पुढे करून "बाई, एवढे वाचून दाखवा" असे म्हणतात. तो कागद बहुधा घराचा असतो, आणि तो मजपुढे येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून आज मी घराविषयी, आणि घराच्या दलालाविषयी बोलणार आहे.

दलाल हा शब्द उच्चारला की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. काही न करता मधल्या मध्ये टक्का खाणारा माणूस, अशी त्याची ओळख. वास्तविक हा शब्द अरबीतून आला आहे. 'दलील' म्हणजे वाट दाखविणारा, पुरावा देणारा. त्याच धातूपासून 'दलाल' झाला. शब्द मूळचा वाईट नाही, वाईट अनुभवाने तो मळला आहे. आणि आपण राहतो ते सुरत शहर तर दलालांवाचून उभेच राहिले नसते. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार येथे होती, तेव्हा भीमजी पारेख, रुस्तम माणेक असे नामांकित दलाल तिचा व्यवहार पाहत. आजही कापडबाजार अडत्या आणि दलाल यांच्या शब्दावर चालतो. महिधरपुऱ्यात तर हिऱ्यांच्या पुड्या खिशात घालून दलाल रस्त्यावर उभे असतात आणि लाखांचा माल विश्वासावर हातोहात फिरतो. उधना आणि लिंबायतच्या लूमवर काम करणारे आपले लोक हे सारे रोज पाहतात. कापडाला दलाल चालतो, हिऱ्याला चालतो. जन्मात एकदा घ्यावयाच्या घराला मात्र तो नको असतो! असे का?

याचे उत्तर मी माझ्या घरातलेच देते.

माझे अब्बा खानदेशातून भुसावळ लाईनच्या गाडीने येथे आले. वीस वर्षे त्यांनी लूम चालविला. १९९८ साली, मी बारावीत असताना, त्यांनी शहराच्या कडेला एक प्लॉट घेतला. किंमत १ लाख २० हजार. अम्मीच्या बांगड्या त्यात गेल्या. ओळखीच्या एका दलालाने १ टक्का, म्हणजे १,२०० रुपये मागितले होते. अब्बा म्हणाले, "विकणारा माझ्या ओळखीचा, जमीन डोळ्यांनी पाहिलेली, मग याला पैसे कशाचे?" व्यवहार थेट झाला. स्टँपपेपरवर साटाखत, नोटरीचा शिक्का, कबजा-पावती आणि एक कुलमुखत्यारपत्र, एवढे कागद हाती आले. अब्बांना ते पुष्कळ वाटले.

चार वर्षांनी कळले की ती जमीन शेतीची होती, बिनशेती झालेलीच नव्हती. सातबाऱ्यावर चार भावांची नावे होती आणि मुखत्यारपत्र एकाच भावाचे होते. ना जमीन मिळाली, ना पैसे. पुढे कितीतरी वर्षे आम्ही भाड्याच्या खोलीत काढली. १,२०० रुपये वाचविले त्याची ही किंमत. अब्बांनी त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. मात्र ते कागद त्यांनी पेटीत जपून ठेवले होते.

श्रोतेहो, १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते, हा नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला आहे. साटाखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. ती विक्री नव्हे. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा स्पष्ट केले. हे अब्बांना कोणी सांगितले नाही, कारण सांगणाऱ्याला त्यांनी दारातूनच परत पाठविले होते. तो दलाल लबाड निघाला असता तर, असे कोणी विचारील. तोही संभव होताच, आणि त्याविषयी मी पुढे बोलणार आहे.

२०१९ साली मी आणि माझ्या यजमानांनी घर घेण्याचे ठरविले, तेव्हा मी हट्टाने एक दलाल गाठला. पन्नाशीचे गृहस्थ, स्कूटरवर फिरणारे. त्यांनी काय काय केले ते सांगते, म्हणजे दलालीचे पैसे कशाचे असतात हे समजेल.

पहिली गोष्ट, त्यांना वस्तीची माहिती होती. आम्हाला तळमजल्याचा एक फ्लॅट फार आवडला होता. त्यांनी आम्हाला जिन्याखाली नेले आणि रंगाआडून दिसणारी एक पुसट रेघ दाखविली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटून तापी शहरात शिरली, तेव्हाची ती रेघ होती. ती माझ्या खांद्याच्या वर होती. मिठी खाडीच्या काठी राहणाऱ्यांना तर पावसाळ्यातले पाणी म्हणजे काय ते मी सांगावयास नको. ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि जाहिरातीत छापत नाहीत.

दुसरी गोष्ट भावाची. आपण एक घर पाहतो. दलालाने त्याच गल्लीतली दहा घरे विकलेली असतात. मागणारा किती मागतो आणि शेवटी किती घेतो, हे त्याला ठाऊक असते. शिवाय घासाघीस तो करतो. आपण समोरासमोर बसलो तर एकतर भिडेने गप्प राहतो, नाहीतर शब्दाला शब्द लागून व्यवहार मोडतो. मालकाने २४ लाख सांगितले होते, व्यवहार २२ लाखांवर ठरला.

तिसरी गोष्ट कागदांची. मालकाचा मूळ दस्त, इंडेक्स-२, सोसायटीचे भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, वेराबिल, इमारतीची बी. यू. परवानगी, ही यादी त्यांनी पहिल्याच भेटीत लिहून दिली. हे कागद आल्याशिवाय बाना द्यावयाचा नाही, असे त्यांनीच आम्हास बजावले.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे, पण आपल्या माणसांत बोलावयाची नाही तर कोठे? आमचे नाव ऐकल्यावर काही दारे उघडत नाहीत. एका सोसायटीत माझ्या अम्मीला घेऊन मी गेले होते. जिन्यातच आम्हाला "फ्लॅट गेला" असे सांगण्यात आले. फ्लॅट गेलेला नव्हता. त्यानंतर हे गृहस्थ आधी फोन करून विचारू लागले आणि आम्हास खरे ते सांगू लागले. समाजाचे दुखणे दलाल बरे करू शकत नाही. काही दलाल तर मालकाला न विचारताच "तेथे तुमचे जमणार नाही" असे म्हणून मोकळे होतात. ते दार मालकाने नव्हे, दलालाने बंद केलेले असते. आमच्या गृहस्थांनी प्रत्येक मालकाला विचारले. त्यांतील एका हिंदू गृहस्थांनी आमचे नाव ऐकून एवढेच विचारले, "पैसे वेळेवर देतील ना?" त्याच घरात आज आम्ही राहतो.

ती वस्ती १९९१ च्या अशांत विस्ताराच्या कायद्याखाली येत होती. सुरतेच्या कित्येक भागांस हा कायदा लागू आहे. तेथे घर विकावयाचे तर, मग घेणारा कोणत्याही धर्माचा असो, कलेक्टरांची पूर्वपरवानगी लागते. तीवाचून झालेली विक्री रद्द ठरते. विकणाऱ्याची संमती मोकळ्या मनाची आहे ना आणि किंमत वाजवी आहे ना, याची चौकशी होते. कायदा बरा की वाईट, ही चर्चा आज नको. सांगावयाचे इतकेच की, दोन्हीकडची प्रतिज्ञापत्रे, शेजाऱ्यांचे जबाब आणि कचेरीच्या फेऱ्या यांत कित्येक महिने गेले आणि त्या काळात दोन्ही बाजूंचा धीर टिकविण्याचे काम त्या स्कूटरवाल्या गृहस्थांनी केले.

आता हिशेब. २२ लाखांवर त्यांची दलाली १ टक्का, म्हणजे २२,००० रुपये. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे १,०७,८०० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पुन्हा २२,००० रुपये. तेव्हा ते म्हणाले, "दस्त बाईंच्या एकटीच्या नावे करा." गुजरातेत खरेदीदार केवळ स्त्री असली तर नोंदणी फी माफ असते. म्हणजे जेवढी दलाली दिली, तेवढीच फी त्यांच्या एका वाक्याने वाचली. भगिनींनो, पैसे वाचले हा त्यातला लहान लाभ समजा. ज्या घरातून अम्मीच्या बांगड्या गेल्या, त्या घरातल्या मुलीच्या नावावर दस्त झाला, हा मोठा.

तथापि दलाल म्हणजे देवमाणूस, असे मी म्हणत नाही. तो बहुधा दोन्हीकडून दलाली घेतो. व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, म्हणून घाई करण्याचा मोह त्याला असतोच. तो वकील नव्हे. मालकी तपासण्याचे काम वकिलाचे, आणि त्याचे शुल्क वेगळे द्यावे. २०१६ च्या रेरा कायद्यान्वये नोंदलेल्या नव्या योजनेतील घरे विकणाऱ्या दलालाने स्वतःची नोंदणी केली पाहिजे. त्याने खोटी माहिती देणे हा अपराध आहे. त्याचा नंबर मागावा आणि गुजरात रेराच्या संकेतस्थळावर पाहावा. अशा योजनेत नोंदलेला करार होण्यापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या घरांचे व्यवहार करणाऱ्या पुष्कळ दलालांची अशी नोंदणी नसते. तेथे त्याने पूर्वी ज्यांना घरे दिली, अशा दोन-तीन कुटुंबांना जाऊन विचारावे. दलाली किती व केव्हा द्यावयाची, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. घराचे पैसे दलालाच्या हाती देऊ नयेत. ते मालकाच्या खात्यात चेकने जावेत. कोऱ्या कागदावर सही तर कधीही करू नये, मग मागणारा सख्खा भाऊ का असेना.

शेवटी ट्रस्टला एक विनंती. पन्नास वर्षे आपण मुलांना वह्या दिल्या, आजाऱ्यांना औषधे दिली. आता एक नोंदवही ठेवावी. ज्या सभासदाने घर घेतले, त्याने कोणत्या दलालाकडून घेतले, दलाली किती दिली, अनुभव कसा आला, हे तीत लिहावे. नवीन घेणाऱ्याने ती आधी वाचावी. आणि रविवारी सकाळी दोन तास कोणीतरी येथे बसावे, ज्याच्यापुढे माणसे सही करण्यापूर्वी कागद ठेवू शकतील. पहिले वर्ष मी बसावयास तयार आहे. एखादे वकीलबंधू सोबत आले तर फारच बरे.

अब्बा आता नाहीत. त्यांची ती पेटी माझ्याच घरी आहे. रविवारी येताना ते साटाखत मी बरोबर आणीन. कोणता कागद म्हणजे घर नव्हे, हे दाखविण्यासाठी त्याचा उपयोग होईल.