गवत, द्विदल आणि युरियाची गोणी



मजुरीच्या दरांवर बोलणाऱ्यांनी आज गवतावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आमच्या मते हाही मजुरीचाच प्रश्न आहे.

तुरीचे किंवा सोयाबीनचे रोप मुळासकट उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. चिरल्यावर आत तांबूस दिसली, तर ती गाठ कामावर आहे असे समजावे. तिच्यातील जंतू हवेतला नत्र बांधून रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर देते. १८८६ साली हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे उघडकीस आणले. गवतात उगवणारे रानमूग आणि गोकर्ण हेच करतात. (आपला तरोटा शेंगा धरतो, पण मुळांवर गाठी धरीत नाही, घराणे तेच, काम मात्र नाही!) कुसळी पिकली की निकस होते. तिच्यात द्विदल मिसळलेले असेल तरच जनावराला सकस चारा मिळतो. ज्या भूमिहीन मजुराची एक गाय किंवा चार शेळ्या गायरानावर आणि धुऱ्यावरच्या गवतावर जगतात, त्याच्या घरचे दूध या मिश्रणातून येते.

हा नत्र बाहेरून फुकट आला तर काय होते? इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका कुरणाचे तुकडे पाडून त्यांना निरनिराळी खते देण्यास आरंभ केला. तो प्रयोग अद्याप चालू आहे. ज्या तुकड्यांना भरपूर नत्र मिळाला तेथे गवत माजले व द्विदले जवळजवळ नाहीशी झाली. जेथे नत्र न देता स्फुरद व पालाश दिले तेथे ती वाढली. जमीन नत्राने भरली की गाठी धरणे मंदावते, जंतूंना साखर घालण्यात फायदा उरत नाही, आणि उंच गवत द्विदलावरचे ऊन अडवते. २०२१ साली अनेक खंडांतील कुरणांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेही हेच सांगतात: स्फुरदाने द्विदलांना होणारा लाभ सोबतचा नत्र बुडवून टाकतो.

आता आपल्याकडचा हिशेब पाहू. २०१० साली केंद्र सरकारने स्फुरद व पालाशाच्या खतांसाठी नवे अनुदान-धोरण आणले. युरिया त्यातून वगळला आणि त्याची किंमत सरकारनेच बांधून ठेवली. युरिया स्वस्त राहिला, स्फुरद महागले. शेतकरी स्वस्त ते घेतो, यात त्याचा दोष नाही. पण पावसाच्या पाण्याबरोबर शेतातला नत्र नाल्याकाठच्या गवतापर्यंत जातो. शिवाय कोळसा जाळला की नत्राची संयुगे हवेत जातात व पावसासोबत खाली येतात. कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी आपल्याला दिसतातच. तेथे आमची माणसे काम करतात, म्हणून ती बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवा आणि स्फुरदाचा भाव युरियाच्या बरोबरीने आवाक्यात आणा, एवढीच आमची मागणी आहे.

ही मागणी हवेतली नव्हे. रोथॅमस्टेडच्या त्याच कुरणावर १९९१ ते २०१२ या काळात हवेतून उतरणारा नत्र घटला, आणि द्विदलांचे प्रमाण पुन्हा वाढले.