अकरा महिन्यांची नेमणूक आणि मुलाखतीची तयारी

(आंतरवासिता पूर्ण करीत असलेल्या तरुण डॉक्टरांपुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी साहित्य घेऊन पदवीधर झालेल्या माणसाने डॉक्टरांना मुलाखतीची तयारी सांगावी, हे थोडे धाडसाचेच होय. परंतु तात्पुरत्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या जाहिराती आमच्या कार्यालयाकडे येतात आणि त्या निमित्ताने निवड समितीच्या दालनात कोपऱ्यातील खुर्चीवर बसून मुलाखती ऐकण्याचा योग मला अनेकदा आला आहे. तेथे जे पाहिले, तेवढेच सांगतो.

कागदपत्रांविषयी फार बोलत नाही. मूळ प्रमाणपत्रे, प्रतींचे दोन संच, आंतरवासिता पूर्ण केल्याचा दाखला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी एवढे जवळ असावे. गुणवान उमेदवार केवळ नोंदणीअभावी परत गेलेले मी पाहिले आहेत.

खरी तयारी वेगळीच आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी आपण अर्ज केला, ते कोठे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, तर उपकेंद्रासाठी अनुक्रमे ५,००० आणि ३,००० असे प्रमाण ठरलेले आहे. हे आकडे पाठ असून भागत नाही. पावसाळ्यात कोणता ओढा रस्ता अडवितो, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठून येते, वीज गेल्यावर २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाच्या लसींचे काय होते, हे विचारले म्हणजे उमेदवार गोंधळतात. मुलाखतीपूर्वी एक दिवस काढून एखाद्या केंद्रावर जावे आणि तेथील आरोग्यसेविकेशी तासभर बोलावे. ती जे सांगेल ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही.

एका मुलाखतीचा प्रसंग माझ्या स्मरणात पक्का बसला आहे. समितीतील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले, “पहाटे चार वाजता पोटात असह्य दुखते म्हणून एक शेतमजूर आला. सूज नाही, जखम नाही. काय कराल?” आधीच्या तिघांनी आम्लपित्तापासून आतड्याच्या अडथळ्यापर्यंत सर्व रोग भराभर सांगितले होते. चौथी उमेदवार क्षणभर थांबली आणि तिने उलट विचारले, “सर, तो रात्री जमिनीवर झोपला होता का? त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत का?”

मण्यार रात्री झोपेत चावते, दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही आणि पोटदुखी हे तिचे पहिले लक्षण असू शकते, हे त्या दिवशी मला कळले. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. म्हणून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे पाहतात. मण्यारीच्या बाबतीत ही चाचणी बहुधा निर्दोष येते आणि नवखा डॉक्टर फसतो. बालकालाही लसीची मात्रा प्रौढाइतकीच द्यावी लागते, कारण सापाने सोडलेले विष माणसाचे वय पाहून कमी होत नाही.

हे ऐकताना मी अस्वस्थ झालो, त्याचे कारण घरचे आहे. मी शाळेत असताना माझा चुलतभाऊ असाच पहाटे पोट धरून उठला. केंद्रावर त्याला गोळी देऊन परत पाठविले. दुपारपर्यंत तो गेला. तेथील डॉक्टर तात्पुरते होते, रुजू होऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. पुष्कळ वर्षे मी त्यांनाच दोष देत आलो. आता वाटते, त्या भागात कोणते साप आहेत हे त्यांना रुजू होताना कोणी सांगितले होते का? मुलाखतीत कोणी विचारले तरी होते का?

रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांकडे असेच बारकाईने पाहिले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने दंशाचे मृत्यू पुष्कळ घटले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ग्रामीण केंद्र ही वेळ काढण्याची जागा आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य अभ्यासावे.

आणखी एक गोष्ट. नेमणूक तात्पुरती असली तरी स्वाक्षरी तात्पुरती नसते. शवविच्छेदनाचा अहवाल किंवा जखमांचा दाखला आपण आज लिहाल, आणि न्यायालयाचे समन्स आपण दुसऱ्या शहरी नोकरीत असताना काही वर्षांनी येईल. तेव्हा “जखमेची लांबी कशी मोजली?” या प्रश्नावर समिती अडून बसली, तर तिला दोष देऊ नये.

“किती दिवस राहाल?” हा प्रश्न हमखास येतो. “कायम सेवा करीन” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की समितीचे सदस्य ते लिहूनही घेत नाहीत. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करावयाचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही. मात्र जाण्यापूर्वी पुढच्या डॉक्टरला जोखमीच्या गरोदर मातांची यादी कशी सोपवाल, हेही सांगता आले पाहिजे.

येथे ग्रामपंचायतींचे सदस्यही बसले आहेत, म्हणून एक वाक्य त्यांच्यासाठी. डॉक्टर टिकत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी त्यांच्या निवासस्थानाचे छप्पर एकदा पाहून यावे.

ज्या मुलीची गोष्ट सांगितली, तिला शेवटी विचारण्यात आले, “आपणांस काही विचारावयाचे आहे?” बहुतेक उमेदवार येथे मान हलवितात. तिने विचारले, “निवासस्थानाच्या नळाला पाणी येते का, आणि रात्री माझ्याबरोबर कोण असेल?” समितीकडे उत्तर नव्हते. अध्यक्षांनी तेथूनच केंद्राला दूरध्वनी लावला. पाणी एक दिवसाआड येत होते. रात्रपाळीला एक परिचारिका होती. तिने दोन्ही गोष्टी वहीत टिपून घेतल्या आणि पुढच्या सोमवारी ती रुजू झाली.