अंबरनाथ : पाषाणातील संकल्पपूर्ती



कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल दररोज सहस्रावधी प्रवाशांना अंबरनाथ स्थानकावर उतरवते. त्यांतील अनेकांना ठाऊक नसते की, स्थानकापासून थोड्याच अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी, साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ एक शिवालय उभे आहे.

या मंदिराचा काळ अनुमानाने ठरवावा लागत नाही. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा स्पष्ट उल्लेख आहे. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीतील आहे. परंतु त्यात मंदिराचा संबंध जोडलेला आहे तो त्याचा ज्येष्ठ बंधू छित्तराज याच्याशी. छित्तराजानंतर नागार्जुन आणि त्यानंतर मुम्मुणी गादीवर आला. थोरल्याने आरंभिलेले कार्य धाकट्याने पूर्णत्वास नेले, असे अभ्यासक मानतात. सत्ता हाती आल्यावर पूर्वसुरींचे कार्य मोडीत काढून स्वतःच्या नावाचा फलक लावण्याचा मोह कोणत्या काळात नव्हता? मुम्मुणीच्या लेखात मात्र बंधूचे नाव आदराने कोरलेले आहे.

स्थापत्याच्या दृष्टीने हे मंदिर भूमिज शैलीचे. या शैलीत शिखराच्या चारही दिशांना पायापासून वर चढत जाणारे उभे पट्टे असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान-लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने, थरावर थर रचलेल्या असतात. माळव्यात परमार राजा उदयादित्याने उभारलेले उदयपूरचे उदयेश्वर मंदिर याच शैलीचे आणि जवळपास याच काळातले. माळव्यातील शिल्पपरंपरा आणि कोकणातील काळा पाषाण यांचे हे नाते भारताच्या सांस्कृतिक एकात्मतेचा पुरावाच होय. राज्ये वेगळी होती, राजे प्रसंगी परस्परांशी लढतही होते; शास्त्र मात्र एक होते.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपाला तीन बाजूंनी प्रवेश असून, मध्यभागी चार कोरीव स्तंभांनी छताचा घुमट तोलला आहे. गर्भगृहात मात्र चढून नव्हे, तर सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज नाही. त्यामुळे खाली उभ्या भक्ताच्या माथ्यावर थेट आकाश दिसते. बाह्य भिंतींवर देवदेवतांची दाटी आहे. विष्णू, शिव, ब्रह्मदेव आणि सूर्य यांना एकाच देहात साकारणारी हरिहरपितामहार्काची मूर्ती पाहिली, की पंथभेदांच्या पलीकडे पाहणारी दृष्टी आपल्या पूर्वजांनी पाषाणात कशी उतरवली ते उमगते.

१८६८ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेकडून या शिल्पांची रेखाटने व साचे करून घेण्यात आले. आज मंदिर पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. परंतु कायद्याचा फलक दगडाची झीज थांबवू शकत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी दूषित झाली, भोवती वस्ती दाटली. महाशिवरात्रीला प्रचंड गर्दी लोटते. पण शिल्पांना तेल, शेंदूर फासणारे हात भक्तांचेच असतात, हेही कटू सत्य आहे.

आक्रमकांनी काय उद्ध्वस्त केले याचा हिशेब आपण मांडतो, तो मांडायलाच हवा. परंतु जे शाबूत राहिले, त्याचे आपण काय केले, हा हिशेब पुढची पिढी आपल्याकडे मागणार आहे. यंदा कुटुंबासह अंबरनाथला जावे, मुलांना तो शिलालेख दाखवावा, नदीच्या स्वच्छतेसाठी दोन हात द्यावेत. छित्तराजाचा संकल्प मुम्मुणीने पूर्ण केला; तो जपण्याचे दायित्व आता आपल्याकडे आले आहे.