उद्या कुणाला खेळवायचे?



मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री गावोगाव आणखी एक सामना होऊन जातो. त्याला मैदान लागत नाही, शिट्टी लागत नाही, आणि त्यात कुणी हरतही नाही. चहाच्या टपरीवर, पारावर, नाहीतर एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर तो रंगतो. विषय एकच. उद्या कुणाला खेळवायचे आणि कुणाला बसवायचे? हुतुतूच्या सामन्याआधी आमच्या वडिलांच्या पिढीने हाच वाद घातला, क्रिकेटवरून आपण सगळेच घालतो. मी आज फुटबॉलवरून झालेल्या अशा एका वादाची हकीगत सांगणार आहे. सांगता सांगता माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागेल, कारण ती या विषयातून वेगळी काढता येत नाही.

तारीख होती 17 डिसेंबर 2022, शनिवार. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला, आपल्या घड्याळाप्रमाणे, कतार देशात विश्वचषकाचा अंतिम सामना व्हायचा होता. एका बाजूला अर्जेंटिना, दुसऱ्या बाजूला फ्रान्स. मी एका कामासाठी बार्शीटाकळीला गेलो होतो. अकोल्याजवळचे हे तालुक्याचे गाव जुन्या देवळासाठी तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. फुटबॉलचे गाव असे काही त्याला म्हणता येणार नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या गोष्टी तिथे अधिक चालतात. पण हल्ली जग मोबाईलमधून थेट शेताच्या बांधावर येते. स्टँडजवळच्या टपरीवर चहा घ्यायला थांबलो, तर पंधरावीस जण दाटीने उभे. मला वाटले, कापसाच्या भावाची चर्चा असेल. जवळ गेलो तर काय!

"गिरौडले बसवा म्हंतो मी! छत्तीस वर्साचा झाला थो. धावते तरी का?"

"अन् मंग चार गोल कोनं मारले? तुवा?"

"अबे, मोरोक्कोच्या मॅचमंदी थो कोलो मुआनी आला, अन् मिनिटभऱ्यात गोल मारला. त्याले पहिल्यापासून काहून नाई खेळवत?"

एक शिक्षक होते तिथे. त्यांनी बाकावर चहाचे रिकामे ग्लास मांडून फ्रान्सचा अख्खा संघ उभा केला होता. बरणीचे झाकण म्हणजे गोलरक्षक. "नाव गिरौड नाही रे, जिरू म्हणतात," असे ते मधूनमधून सांगत. ऐकत कुणीच नव्हते. एक पोरगा म्हणाला, "पोर्तुगालनं रोनाल्डोले बसवलं, तं काय झालं? त्याच्या जागी आला त्यानं तीन गोल मारले." हे अगदी खरे होते. 6 डिसेंबरला स्वित्झर्लंडविरुद्ध रोनाल्डोला बाहेर ठेवून रामोश या कोवळ्या पोराला घेतले, त्याने तीन गोल केले, आणि पोर्तुगाल 6-1 ने जिंकले. "अन् पुढच्याच मॅचले मोरोक्कोकून हरले, थे नाई सांगत!" दुसऱ्याने तिथल्या तिथे सुनावले.

श्रोतेहो, मला हा वाद मनापासून आवडला. अशा वादाला रिकामटेकडा उद्योग म्हणणारे शहाणे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही. एरवी जो मनुष्य ग्रामसभेत तोंड उघडत नाही, तो इथे पुरावा देऊन बोलत असतो. तारीख, गोल, वय, दुखापत, सारे त्याला पाठ. माझ्या वर्गातल्या मुलांनी इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत इतका पुरावा दिला असता, तर मी धन्य झालो असतो.

पण या वादाला एक खोड आहे. आघाडीच्या खेळाडूला आपण फक्त गोलांच्या मापाने मोजतो. याच जिरूचे पाहा. 2018 साली फ्रान्सने विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत हा गृहस्थ सेंटर फॉरवर्ड म्हणून सातही सामन्यांत खेळला. गोल किती? एकही नाही. गोल तर राहोच, गोलाच्या चौकटीच्या रोखाने त्याचा एक फटकाही गेला नाही! आपल्या टपरीने त्याला पहिल्याच सामन्यानंतर घरी पाठवले असते. फ्रान्सचे शिक्षक देशाँ यांनी मात्र त्याला खेळवले. कारण असे, की तो धिप्पाड मनुष्य दोन बचावपटूंना स्वतःकडे ओढून घेई, उंच आलेला चेंडू छातीवर झेलून मागच्याला देई, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून एम्बापेसारखे चपळ गडी आत शिरत. बैलजोडीत एक बैल वळणावर दम धरतो आणि दुसरा ओढतो; एकट्याचे बळ पाहून जोडी जमत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आता अर्जेंटिनाचे उदाहरण उलट दिशेचे आहे. स्पर्धेत उतरताना त्यांचा ठरलेला सेंटर फॉरवर्ड होता लाउतारो मार्टिनेझ. पहिल्याच सामन्यात, 22 नोव्हेंबरला, सौदी अरेबियाने त्यांना 2-1 ने हरवले. तिसऱ्या सामन्यापासून शिक्षक स्कालोनी यांनी त्याच्या जागी बावीस वर्षांच्या हुलियन अल्वारेझला उभे केले. का? तर हा मुलगा गोल करतोच, शिवाय चेंडू हातचा गेला की प्रतिपक्षाच्या मागे कुत्र्यासारखा धावतो, आणि मेस्सीच्या वाट्याची धावपळही करून टाकतो. उपांत्य सामन्यात त्याने क्रोएशियाविरुद्ध दोन गोल केले. मार्टिनेझ बाकावर गेला. त्याच्या मनाचे काय झाले असेल, हा प्रश्न टपरीवर कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

इथे मला एका शिक्षकाची आठवण होते. माझ्या शिक्षकबंधूंना ती मुद्दाम सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. तेच पुढे भारताच्या फुटबॉल संघाचे शिक्षक झाले. 2024 साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपटही निघाला. 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांचा संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 2-0 ने हरला. पुढे बचाव फळीचा कणा असलेला जर्नेल सिंग जखमी झाला, डोक्याला टाके पडले. कुणीही म्हणेल, याला आता विश्रांती. रहीमसाहेबांनी काय करावे? उपांत्य सामन्यात त्याला खेळवले, आणि तेही बचावात नव्हे, सेंटर फॉरवर्ड म्हणून! हा पूर्वी आघाडीला खेळलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात होते. डोक्याला पट्टी बांधून जर्नेल सिंग उतरला, आणि दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. अंतिम सामन्यात पुन्हा तेच दक्षिण कोरिया. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, एक जर्नेल सिंगचा. भारत 2-1 ने जिंकला. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर आजवर मिळालेले नाही. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरलेले होते. पुढच्याच वर्षी, जून 1963 मध्ये, ते वारले.

हे वाचताना मला नेहमी वाटते, की त्या निवडीमागे नुसते डोके नव्हते. वर्गातल्या पोराला मास्तर जसा ओळखतो, याला काय येते, कशाने हा फुलतो, तशी ती ओळख होती.

आणि आता ज्याला बसवले, त्याची गोष्ट. 1966 साली इंग्लंडमध्ये विश्वचषक झाला. इंग्लंडचा सर्वांत नामांकित गोल करणारा खेळाडू होता जिमी ग्रीव्ह्ज. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या नडगीला जखम झाली. त्याच्या जागी आला जेफ हर्स्ट. याने उपउपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध गोल केला, संघ जिंकत गेला. अंतिम सामन्याच्या वेळी ग्रीव्ह्ज पुन्हा उभा राहिला होता. साऱ्या देशात एकच वाद, ग्रीव्ह्ज की हर्स्ट? शिक्षक रॅम्से यांनी हर्स्टला ठेवले. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडूची सोय नव्हती. बाहेर राहिला तो बाहेरच. 30 जुलैला हर्स्टने पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले, इंग्लंड 4-2 ने जिंकले. निवड बरोबर ठरली, वाद मिटला. पण पदके मिळाली ती मैदानावरच्या अकरांनाच. ग्रीव्ह्जच्या हाती पदक पडले 2009 साली, त्रेचाळीस वर्षांनी. तोवर तो एकोणसत्तर वर्षांचा झाला होता.

टपरीकडे परत येतो. गर्दीत एका बाजूला माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. आता जवळच्याच खेड्यात शेती करतो. मला पाहून पुढे आला, नमस्कार केला, आणि हसत म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा आता. जिरूले खेळवा का नाई?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. प्राध्यापक मनुष्य, काही तरी सांगेलच, असा त्यांचा भाव. मी म्हणालो, "देशाँ ठरवतील ते खरे," आणि चहाकडे वळलो. उत्तर येत नव्हते असे नाही. विचारणारा तो होता, म्हणून जीभ अडखळली.

त्याचे असे झाले. त्या रात्रीच्या आधी बारा वर्षे, मी एका महाविद्यालयात नवीन असताना तिथल्या फुटबॉल संघाची देखरेख माझ्याकडे होती. हा मुलगा आमचा सेंटर फॉरवर्ड. अंगाने किरकोळ, पण गोलाची जागा त्याला नाकाने कळायची. त्याच्याच गोलांवर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत आलो. प्रतिपक्षाचे बचावपटू ताडमाड उंच होते. मी दोन रात्री विचार केला आणि एका उंच मुलाला घ्यायचे ठरवले. ती निवड आजही मला चूक वाटत नाही. चूक पुढे आहे. हे मी त्याला सांगितले नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करीत राहिलो. खरे म्हणजे त्याचा चेहरा पाहायची माझी तयारी नव्हती. सामन्याच्या दिवशी त्याचे वडील कापूसवेचणी एक दिवस बंद ठेवून, पांढरेशुभ्र धोतर नेसून, पोराचा खेळ पाहायला आले. मी शर्ट वाटू लागलो. नऊ नंबरचा शर्ट दुसऱ्याच्या हातात गेला, तेव्हा त्याला कळले. त्याने एक शब्द काढला नाही. जाऊन वडिलांशेजारी बसला. आम्ही सामना जिंकलो. मुलांनी मला खांद्यावर घेतले, आणि तिथून, उंचावरून, मला ते दोघे स्टँडच्या दिशेने चालत जाताना दिसले. पुढच्या वर्षी तो मैदानावर फिरकला नाही. मीही बोलावले नाही.

तेव्हापासून मी एक पाळतो. ज्यांना घ्यायचे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितले तरी चालते. ज्याला बसवायचे, त्याला आदल्या संध्याकाळी एकट्याला बोलावतो, कारण सांगतो. सोपे नसते ते. एकाने मला विचारले होते, "सर, मंग घरच्याइले काय सांगू?" त्याला मी काय उत्तर दिले, ते धड आठवत नाही. बरे नसावे.

रविवारी रात्री मी घरी सामना पाहत होतो. अर्जेंटिनाने एक धक्का दिला होता. आंखेल दी मारिया, ज्याला उपांत्य सामन्यात खेळवलेच नव्हते, त्याला डाव्या बाजूला उतरवले, आणि त्याने फ्रान्सची दाणादाण उडवली. त्याला पाडले म्हणून पेनल्टी मिळाली, दुसरा गोल त्याने स्वतः केला. मग एक्केचाळिसाव्या मिनिटाला, मध्यंतरही झाले नव्हते, देशाँ यांनी जिरूला बाहेर काढले! तोवरच्या फ्रान्सच्या इतिहासात सर्वाधिक गोल केलेला मनुष्य. कोलो मुआनी आणि थुराम हे दोन तरणे गडी आत आले. पुढे या दोघांच्याही हातभाराने फ्रान्स सामन्यात परतले, 3-3 अशी बरोबरी झाली, आणि अखेर पेनल्टींवर अर्जेंटिना 4-2 ने जिंकले, हे तुम्ही जाणताच.

पण जिरू बाकावर जाऊन बसला, त्याच वेळी माझा फोन वाजला. तोच होता. हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेला होता. लाईन रात्रीची, त्यामुळे सामना मोबाईलवर, बांधावर बसून. मागे मोटरचा आवाज येत होता.

"सर, पाहिलं का?"

"पाहिले."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याले पहिले सांगतलं असंन का हो कोनी?"

मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही. मी तुला सांगितले नव्हते, तेवढे ठाऊक आहे. सांगायला पाहिजे होते."

"बाबा लय दिवस विचारत होते," तो म्हणाला. "तुह्या पायाले लागलं होतं, असं सांगतलं मी त्याइले." म्हणजे वडिलांना वाटत राहिले, की पोराचा पाय दुखावला होता. बारा वर्षे. मी काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "ठेवतो सर. स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे हायेत, नाईतर लाईन जाईन."