खेळाडू गेल्यावर त्याचे स्मरण कसे करावे?

(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोपरीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी आम्हांला एक प्रश्न विचारला होता. एखादा जुना खेळाडू वारला तर त्याच्या चाहत्यांनी काय करावे? फोटोला हार घालून दोन मिनिटे उभे राहिले की झाले, की आणखी काही असते? प्रश्न मॅराडोनावरून निघाला होता. २५ नोव्हेंबर २०२० रोजी तो गेला आणि पुढच्याच महिन्यात नेपल्स शहराने आपल्या स्टेडियमला त्याचे नाव दिले. त्याची १० क्रमांकाची जर्सी पुन्हा कोणाला द्यायची नाही, हे तर त्याच्या क्लबने २००० सालीच ठरवले होते. मुलांचे म्हणणे असे की, आपल्याकडे असे कोणासाठी काही करावे असा माणूसच नाही.

माणूस आहे. पळवणकर बाळू, म्हणजेच पी. बाळू. ते क्रिकेटचे. तरी फुटबॉलवाल्यांपुढे आम्ही त्यांचे नाव का घेतो, ते ओघात येईलच.

बाळूंचे वडील पुण्यात लष्करी नोकरीत होते. मुलगा प्रथम पारशांच्या क्लबात मैदान झाडायला लागला, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. रोलर ओढायचा, जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज त्यांच्या चेंडूवर बाद झाले की आठ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते. फलंदाजी मात्र तिथे बाळूंना कोणी करू दिली नाही. बॅट हे साहेबाचे काम, चेंडू टाकणे नोकराचे.

त्यांची डावखुरी फिरकी इतकी अवघड की पुण्याच्या हिंदू संघालाही त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मैदानावर सगळे एक. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीचे कप आत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात, तेही एकदाच वापरून टाकून द्यायचे. जेवणाचे ताट निराळे. ज्या हातातून चेंडू सुटला की सगळा संघ टाळ्या वाजवी, त्याच हाताचा कप संघाला चालत नसे. न्यायमूर्ती रानड्यांना ही विसंगती उघडपणे बोलून दाखवावी लागली.

प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईला आले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आझाद मैदानाच्या कडेने गेलात तर बॉम्बे जिमखाना दिसतो. तिथे फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२, म्हणजे १०९ धावांनी विजय. त्यात बाळूंचे बळी आठ. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला आणि मानपत्र लिहिले तरुण भीमराव आंबेडकर यांनी, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० साली पुन्हा डावलले गेले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंचा खेळ तोवर संपला होता. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक मराठीत लिहून ठेवले. विद्यार्थ्यांनी ते ग्रंथालयात शोधावे.

आता अडचणीच्या भागाकडे येतो. आपल्यातल्या काही ज्येष्ठांनी आम्हांला आधीच बजावले आहे की या माणसाचे नाव आपल्या व्यासपीठावर नको. त्यांचे म्हणणे खोटे नाही. बाळू पुढे बाबासाहेबांच्या मार्गाने गेले नाहीत. धर्मांतराला त्यांचा विरोध होता. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. त्या २,०२० मतांचा सल अजून काही घरांत आहे. आणि उघड बोलायचे तर, ते कोणत्या जातीचे आणि आपण कोणत्या, हाही हिशेब काहींच्या मनात असतो. तो आम्हांला मुळीच मान्य नाही.

आम्ही बँकेतली माणसे. खात्याची एक बाजू कोरी ठेवून शिल्लक काढता येत नाही. बाळूंचे गोडवे गाणारे मातीचे भांडे गाळतात, नाहीतर १९३७ गाळतात. आपणही त्यांना गाळले तर त्यांची नोंद ठेवणार कोण? बाबासाहेबांनी राजकारणात त्यांना विरोध केला आणि मतपेटीतून हरवले. तो निकाल लागून गेला. १९११ चे मानपत्र त्यांनी परत मागितल्याचे आमच्या वाचनात नाही. मॅराडोनाचे तरी सगळे वागणे कोणाला पटले होते? नेपल्सच्या लोकांनी त्याला सगळ्यांसकट आपला मानला.

कलकत्त्याचे उदाहरण पाहा. ज्या १९११ साली बाळू इंग्लंडात बळी घेत होते, त्याच वर्षी २९ जुलैला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ ने हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरातले दहा जण अनवाणी खेळले. त्या क्लबचे चाहते २९ जुलै आजही मोहन बागान दिन म्हणून पाळतात आणि अकराही जणांची नावे घेतात. १९८९ मध्ये त्या क्लबचे टपाल तिकीटही निघाले. आपल्याकडे मात्र माणूस गेल्यावर जाग येते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक पदक मिळवले, १९८४ मध्ये ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले, धम्मदीक्षेच्या सव्वा वर्ष आधी. ४ जुलैला कोपरीत काय असते, तुम्हीच सांगा! पाऊस आणि चिखल. क्रिकेटचे स्टंप तेव्हा माळ्यावर असतात. मैदानावर असते ती तुम्हा फुटबॉलवाल्यांची गर्दी. म्हणून हे काम तुमच्याकडे आले.

आमची सूचना अशी. त्या दिवशी सामन्याआधी मैदानाच्या मध्यभागी दोन्ही संघांनी उभे राहावे. मौन नको, एक मिनिट टाळ्या वाजवा. परदेशातील फुटबॉल मैदानांवर ही पद्धत रूढ झाली आहे, आणि आयुष्यभर टाळ्या ऐकून मग तंबूबाहेर बसलेल्या माणसाला तीच शोभेल. त्याआधी एका विद्यार्थ्याने त्यांची माहिती वाचावी : १०९ धावा, आठ बळी, मातीचे भांडे, मानपत्र आणि १९३७ ची दोन्ही मते. पाच मिनिटांच्या वर नको, मुले भिजलेली असतात. पाहुणे, शाल-श्रीफळ यांची गरज नाही. मैदानाची आखणी करणारे आणि सामन्यानंतर साफसफाई करणारे जे कोणी असतील त्यांना आधी चहा द्यावा, आपण पितो त्याच कपातून, आपल्याच बाकावर बसवून. तिथे त्यांची जात विचारायची नाही.

खर्च चहाचा आणि एका फळ्याचा. फळ्यावरील मजकूर आम्ही लिहून देऊ. आकडे नीट तपासून घेण्याचे काम दहावीच्या मुलांनी करावे. ज्या ज्येष्ठांचा आक्षेप आहे त्यांनाही मैदानावर यायचे निमंत्रण आहे. टाळ्या वाजवायच्या की नाही ते त्यांनी ठरवावे, पण छत्री मात्र आणावी.