माप आधी, खरेदी मागून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शिवणकामाचा विषय असावा. तीस वर्षे मी आपल्या मंडळाचा शिवणवर्ग चालविला. तेव्हा ते साहजिकच होते. परंतु मी त्यांना विषय सांगितला तो असा : 'खेळांसाठीचा पहिला संगणक घरी जुळविताना काय पाहावे'. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. आता तुम्हीही तसेच पाहत आहात. जरा धीर धरा. विषय मापांचाच आहे, आणि मापे हा तर माझा जन्माचा धंदा.

गोष्ट २०२३ सालच्या दिवाळीआधीची. माझ्या नातीने बारावीची परीक्षा झाल्यावर शेजारच्या मुलांना गणित शिकविले, दोन वर्षांची ओवाळणी राखून ठेवली, आणि चाळीस हजार रुपये जमविले. तिला संगणकावर खेळता यावे असे यंत्र हवे होते, आणि तेही सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जोडलेले. आणखी तीस हजार लागणार होते. माझा मुलगा म्हणाला, "सत्तर हजार रुपये, आणि ते खेळायला? शिवाय ही जोडणार, आणि पहिल्याच दिवशी काहीतरी जाळून ठेवणार." पोर काही बोलली नाही. पण तिचा चेहरा मला पाहवेना. मुलगे क्रिकेटच्या बॅटीसाठी हट्ट धरतात तेव्हा खेळायला पैसे कशाला, असे आपण क्वचितच विचारतो. मी माझ्या भिशीचे तीस हजार तिच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "एकच अट. मापे लिहून दाखविल्याशिवाय एकही वस्तू घ्यायची नाही. आधी माप, मग कात्री."

मग आम्ही दोघी वहीचा जोडकागद घेऊन बसलो. ती सांगे, मी रकाने आखी. त्या कागदात काय होते ते तुम्हाला सांगते, म्हणजे उद्या तुमच्या घरी प्रसंग आला तर उपयोगी पडेल.

पहिला रकाना प्रोसेसरचा. हा संगणकाचा मेंदू. तो मदरबोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसतो, आणि सॉकेटांच्या जाती अनेक. एएमडी कंपनीचे एएम४ हे सॉकेट २०१६ साली आले, एएम५ हे २०२२ साली. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. इंटेलचे बारावी, तेरावी व चौदावी पिढी यांचे प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटचे. २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागते. कंपनी एक म्हणून सॉकेट एक, असे मुळीच समजू नये. नातीने एएमडीचा रायझेन ५ ५६०० हा प्रोसेसर निवडला. म्हणजे बोर्ड एएम४चा हवा.

दुसरा रकाना रॅमचा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्या पाहायला सख्ख्या बहिणी. दोहोंना २८८ संपर्क. परंतु मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर करून बसवू गेल्यास मोडतोड ठरलेली. एएम४ला डीडीआर४, एएम५ला डीडीआर५. इंटेलच्या १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४चे तर काही डीडीआर५चे. तेथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा रकाना आकाराचा. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. ज्या पेटीत हे सारे बसवायचे तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. मोठ्या पेटीत सहसा लहान बोर्ड मावतो. लहान पेटीत मोठा कसा मावणार? पेटीच्या आत बोर्ड टेकण्यासाठी पितळी खुंट्या असतात. त्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात. भलत्या जागी एखादी खुंटी राहिली तर ती बोर्डाच्या पाठीला लागून शॉर्ट होण्याचा धोका.

चौथा रकाना लांबी-उंचीचा. येथे माझी टेप कामास आली. ग्राफिक्स कार्ड दोन पंख्यांचे असते, तीन पंख्यांचेही असते. तीन पंख्यांची कित्येक कार्डे तीस सेंटीमीटरांहून लांब भरतात. आम्ही पसंत केलेल्या पेटीत २८ सेंटीमीटरांपर्यंतच जागा होती. म्हणून आरटीएक्स ४०६० हे कार्ड दोन पंख्यांचे घ्यायचे ठरले. प्रोसेसरवरच्या कूलरचेही तसेच. उंच कूलर असला तर पेटीचे झाकणच लागत नाही. आमच्या प्रोसेसरबरोबर खोक्यातच बुटका कूलर येतो, म्हणून तो प्रश्न सुटला.

पाचवा रकाना विजेचा. पॉवर सप्लाय किती वॉटचा? आमच्या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेले; प्रत्यक्षात ताण पडला की तो त्याहून थोडे अधिक घेतो. कार्डाचे ११५ वॉट. कार्ड बनविणारे या कार्डासाठी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगतात. आम्ही तेवढाच लिहिला. पण वॉट जुळले म्हणजे झाले नाही, प्लगही जुळावे लागतात. बोर्डाला २४ पिनांचा मोठा प्लग, प्रोसेसरसाठी आठ पिनांचा, आणि कार्डासाठीही आठ पिनांचा. हे दोन आठ-पिनी प्लग दिसतात सारखे, पण त्यांतली विजेची मांडणी निराळी. एक दुसऱ्यात घुसवू नये.

सहावा रकाना साठवणीचा. एम.२ नावाची पट्टी ८० मिलिमीटर लांबीची असते तशीच आखूडही असते. शिवाय तिच्यात एनव्हीएमई आणि साटा अशा दोन जाती. बोर्डाची खाच कोणती जात घेते ते पाहायचे. आणि सातवा रकाना चित्राचा. रायझेन ५ ५६००च्या पोटात चित्र दाखविण्याची सोय नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते त्यांच्यातही नाही. तेथे स्वतंत्र कार्ड हवेच, आणि पडद्याची वायर बोर्डाला न लावता कार्डाला लावायची.

असा सात रकान्यांचा कागद घेऊन आम्ही पार्ल्याहून धीमी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड. खोकी उचलायला माझा दुसरा नातू, म्हणजे लेकीचा मुलगा, बरोबर होता. दुकानात गंमत अशी की प्रश्न विचारीत होती नात, आणि दुकानदार उत्तरे देत होता नातवाला! नातू बिचारा म्हणाला, "मला यातले काही कळत नाही, तिलाच सांगा." तेव्हा दुकानदाराने डीडीआर५ची पट्टी पुढे केली : "ही घ्या, नवी आहे, जास्त चांगली." नात म्हणाली, "चांगली असेल, पण आमच्या बोर्डात बसणार नाही." त्याने दुसऱ्यांदा तिच्याकडे पाहिले. पण पाहणे निराळे आणि मानणे निराळे.

नातीच्या यादीत बी५५०चा बोर्ड होता. तो त्या दिवशी नव्हता. "बी४५० घ्या, तोही एएम४च आहे," असे तो म्हणाला. आम्ही कागद पाहिला. सॉकेट एएम४, रॅम डीडीआर४, आकार मायक्रो एटीएक्स. सारे जुळत होते. घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चादर काढून पोरीने यंत्र जोडले. बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या पकडी काढून कूलर चार स्क्रूंनी बसवायचा होता. पकडी काढल्या की पाठीमागची धातूची पट्टी गळून पडते. ती मी धरून ठेवली. संध्याकाळी कळ दाबली. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच्या काळा.

ती रात्र मी विसरणार नाही. तिने दहा वेळा रॅम काढून बसविली. वडील दारात येऊन उभे राहिले, एवढेच म्हणाले, "मी सांगत होतो." पोरगी रडली नाही, पण तिचे हात थरथरत होते. "आजी, मीच काहीतरी मोडले."

मी म्हटले, "ब्लाउज बसला नाही की आपण आधी अंगाला दोष देतो का? आधी माप पाहतो. कागद आण." मध्यरात्रीपर्यंत दोघींनी बोर्ड बनविणाऱ्या कंपनीची प्रोसेसरांची यादी वाचली. त्या यादीत आमच्या प्रोसेसरपुढे बायोसची आवृत्ती लिहिलेली होती : अमुक आवृत्तीपासून पुढे. बायोस म्हणजे बोर्डाच्या अंगात भरलेली पहिली शिकवण. बी४५०चे बोर्ड २०१८ साली निघाले. आमचा प्रोसेसर २०२२चा. बोर्डाच्या खोक्यावरच्या तारखेवरून तो प्रोसेसर निघण्याच्याही आधीचा होता. सॉकेट जुळले होते, पण बोर्डाला हा पाहुणा ठाऊकच नव्हता! आमच्या कागदात एक रकाना कमी होता. चूक आमचीही होती. आयत्या वेळी वस्तू बदलली आणि नव्या वस्तूचे माप पुरते घेतले नाही.

काही बोर्डांना प्रोसेसर न ओळखताही पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याची कळ असते. आमच्याला ती नव्हती. म्हणजे पुन्हा दुकान. दुकानदाराने ऐकण्यापूर्वीच निकाल दिला, "तुमच्या हातून पिन वाकली असणार. मुलींनी कशाला या भानगडीत पडावे?" या जातीच्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, तेव्हा आरोप अगदीच हवेतला नव्हता. नात म्हणाली, "पाहून घ्या." तिने कूलर आधी हळूच डावी-उजवीकडे फिरवून सैल केला, कारण सरळ ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. मग प्रोसेसर काढून उलटा धरला. एकही पिन वाकलेली नव्हती. मग तिने यादीचा छापील कागद काउंटरवर ठेवला आणि आमच्या प्रोसेसरच्या ओळीवर बोट टेकविले.

त्या माणसाने ओळ वाचली, आणि आतल्या मुलाला हाक मारून एक जुना प्रोसेसर मागविला. तो बसवून पेन ड्राइव्हवरून नवा बायोस भरला, मग आमचा प्रोसेसर बसविला. अर्ध्या तासात पडद्यावर अक्षरे उमटली. त्याने क्षमा मागितली नाही. परंतु त्यानंतरचा प्रत्येक शब्द तो नातीशी बोलला.

आणखी एक प्रसंग सांगून आवरते घेते. घरी आल्यावर कार्डाची वायर जरा आखूड वाटली. शेजारचा एक मुलगा मदतीला धावला आणि आपल्या जुन्या पॉवर सप्लायची लांब वायर घेऊन आला. दोन्ही टोके बरोबर बसत होती. नातीने हात आडवा केला. ज्या पॉवर सप्लायच्या वायरी सुट्या होतात, त्यांची पॉवर सप्लायकडची बाजू प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांचीही, निराळी असते. प्लग बसतो, पण वीज भलत्याच तारेतून जाते आणि महागडी वस्तू क्षणात जळते. बसते म्हणजे जुळते असे नव्हे, हे आम्ही एकदा शिकलो होतो. दुसऱ्यांदा शिकण्याची आमची ऐपत नव्हती. वायर तीच ठेवली, फक्त पेटीच्या मागून न नेता पुढून नेली. पुरली.

रात्री यंत्र सुरू झाले. मुलगा बराच वेळ मागे उभा होता. मग त्याने टेबलावरचा तो कागद उचलला, आठही रकाने वाचले, आणि बिलांच्या फायलीत नीट लावून ठेवला. तो एवढेच म्हणाला, "हा जपून ठेवा." मला तेवढे पुरे होते.

भगिनींनो, दोन गोष्टी मात्र वेगवेगळ्या ओळखाव्यात. काही जोड्या मुळीच जमत नाहीत : चुकीचे सॉकेट, चुकीची रॅम. काही जोड्या जमतात, पण एकाला दुसऱ्याच्या चालीने चालावे लागते. आमचे नवे कार्ड आमच्या जुन्या बोर्डावर थोडे हळू चालते, पण चालते. पहिलीवर पैसे घालू नयेत. दुसरीला घाबरू नये. आणि घरातल्या ज्या सॉकेटला हे यंत्र लावायचे, त्याला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तो रकाना माझा स्वतःचा.

त्या कागदाच्या प्रती मी आज आणल्या आहेत. तुमच्या मुली-नातींना द्या. आणि त्यांना सांगा, दुकानात कोणी तुमच्याऐवजी तुमच्या भावाशी बोलू लागला तर रागावू नका. कागद पुढे करा आणि ओळीवर बोट ठेवा.